भिवंडीचा प्रमाण मेंदू

संशोधनाचं मोठेपण ते किती जणांनी वाचलं यावर ठरत नाही, न वाचता किती जणांनी त्याचा उल्लेख केला यावर ठरतं. ही व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे. वाचायला वेळ लागतो, समजायला त्याहून जास्त लागतो, आणि समजल्यावर माणूस उल्लेख करेलच याची काही खात्री नसते. म्हणून विज्ञानजगताने वाचनाचा मधला टप्पा शहाणपणाने गाळला आणि थेट उल्लेखच मोजायला घेतले. ज्याचे उल्लेख जास्त तो थोर, ज्याचे कमी तो होतकरू, आणि ज्याचे जवळजवळ नाहीतच त्याला कॅन्टीन समितीवर घेतात.

डॉ. रामनाथ मढवी बरीच वर्षं कॅन्टीन समितीवर होते.

रामनाथ मूळचे कोनचे. कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या या गावातला आगऱ्याचा पोर भौतिकशास्त्रात डॉक्टर झाला तेव्हा गावाला आनंद झाला, आणि दुसऱ्याच दिवशी काळूराम भोईर गुडघा दाखवायला आला. आपण त्यातले डॉक्टर नाही, हे रामनाथांनी त्याला समजावलं.

"मंग कशातलं?" काळूरामने विचारलं.

"चुंबकातला."

काळूरामने गुडघा झाकून घेतला. मग काळजीने म्हणाला, "चुंबकाला काय झालंय?"

हा प्रश्न पुढे संस्थेनेही विचारला, पण इतक्या आपुलकीने नाही.

संस्था म्हणजे मुंबईच्या पूर्व अंगाला, खाडीच्या कडेला असलेली एक सरकारी संशोधन संस्था (नाव देत नाही, दिलं तरी ओळख पटणार नाही). तिथे रामनाथांच्या ताब्यात सात टेस्लाचा एक चुंबक होता. दवाखान्यातलं एम.आर.आय. यंत्र साधारण दीड टेस्लाचं असतं, यावरून अंदाज यावा. आजवर त्या चुंबकाने किल्ल्यांचे काही जुडगे, कचेरीतलं एक पंचिंग मशीन आणि एका लेखापरीक्षकाच्या पट्ट्याचं बक्कल (लेखापरीक्षकासह) ओढून घेतलं होतं. लेखापरीक्षणात चुंबकावर आक्षेप निघाला तो तेव्हापासून.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. माणसाला नळीत आडवं करायचं. मग चुंबक हाक मारतो, अंगातलं पाणी ओ देतं, आणि त्या ओ वरून आतलं चित्र काढतात. चुंबक जितका दांडगा तितकं चित्र स्वच्छ. रामनाथांचं उभं आयुष्य या एका वाक्यामागे गेलं होतं. अडचणी दोनच होत्या. एक, दांडगा चुंबक हाक मारतो तेव्हा नळीत घणाचे घाव पडल्यासारखा आवाज होतो. दोन, चित्र इतकं बारीक निघतं की माणसाने नुसता आवंढा गिळला तरी पुसलं जातं. म्हणजे डोक्याशी कोणी पत्रा बडवत असताना जो माणूस मेल्यासारखा पडून राहील, त्याचंच चित्र निघणार. आणि मेलेला चालत नाही, कारण तो ओ देत असला तरी संमतिपत्रावर सही देत नाही.

संस्थेत स्वयंसेवकांची वाण नव्हती. भांडार विभागातले लडकू तरे अर्ध्यातच उलटे सरपटत बाहेर आले. एका विद्यार्थिनीने फक्त नाक खाजवलं. राजभाषा अधिकारी बिलकूल हलले नाहीत, पण मनातल्या मनात स्तोत्र म्हणत होते आणि ओठांना ते आवरलं नाही. या सगळ्यांच्या प्रतिमा तांत्रिकदृष्ट्या उत्कृष्ट होत्या. त्यांत मेंदू तेवढा दिसत नव्हता.

मग रामनाथ या प्रतिमा का पुसल्या जातात यावर निबंध लिहीत. त्या निबंधांचे निम्मे उल्लेख त्यांनी स्वतः केले होते, उरलेले बहुतेक त्यांच्या विद्यार्थ्यांनी (नोकरी लागेपर्यंत), आणि एक ब्राझीलमधल्या एका पशुवैद्याने, चुकून.

दोन हजार सहा साली संस्थेत प्रभाव मूल्यमापन समिती स्थापन झाली. परदेशातून नुकताच एक नवा आकडा आला होता. तो लावला की शास्त्रज्ञाची थोरवी ताप मोजावा तशी मोजता येई. रामनाथांचा ताप मोजण्यात आला आणि त्यांना थंडी असल्याचं निष्पन्न झालं. संचालकांनी बोलावून घेतलं.

"मढवी, तुमच्या संशोधनाचा प्रभाव काय?"

"सर, मेंदू आजवर दिसला नाही इतका स्पष्ट दिसेल."

"कोणाला दिसलाय?"

"अजून कोणी न हललेलं नाही, सर."

संचालक समंजस गृहस्थ होते. त्यांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर प्रभाव पडला नाही, तर चुंबकातला द्रवरूप हेलियम सोडून तो कायमचा झोपवायचा आणि त्या खोलीत शालेय सहलींसाठी ध्वनिप्रकाश प्रेक्षागृह करायचं, असं ठरलं. रामनाथांनी त्या दिवशी डबा चुंबकाच्या खोलीबाहेर बसून खाल्ला. तसा ते रोजच खात, पण त्या दिवशी निम्मी भाकरी तशीच परत डब्यात गेली. बाप आजारी असताना दवाखान्याच्या बाकावर बसून वाटलं होतं तसं वाटत होतं. संध्याकाळी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन केला. "आक्का, माझा चुंबक बंद करतायत गं."

"हां, हां, बरा झाला," आक्का म्हणाली. "जेवलास काय?" आणि फोन ठेवला.

रामनाथांना हे फार लागलं. बहीण आपल्या कामाला कधीच काही समजली नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण बरं झालं म्हणण्याइतकी परकी असेल, असं वाटलं नव्हतं. रविवारी ते समक्ष जाब विचारायला भिवंडीला गेले.

आक्काचं सासर भिवंडीच्या वेशीवर. शेत कधीच बुजलं होतं आणि त्यावर पत्र्याचा गाळा उभा होता. गाळ्यात यंत्रमाग, आणि गाळ्याच्या भिंतीला भिंत लावून आक्काचं घर. भिवंडीच्या यंत्रमागाचा आवाज वर्णन करून सांगता येत नाही, कारण जो वर्णन करू शकेल त्याला तो ऐकू येत असतो तेव्हा दुसरं काही सुचत नाही, आणि जो त्यात राहतो त्याच्या लेखी आवाज नसतोच. घरात मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजत. आक्का पाटावर बसून तांदूळ निवडत होती आणि तांदूळ सुपात आपोआप पुढे सरकत होते.

रामनाथ हातातल्या प्रश्नासकट गाळ्याच्या दारात उभे राहिले आणि तो विचारायचं विसरले. कारण आत, धडधडणाऱ्या दोन मागांच्या मधे, कापडाच्या ताग्यांवर एक माणूस झोपला होता. नुसता पडला नव्हता. शांत, सुखाने, तोंड किंचित उघडं टाकून. त्याच्या कानापासून हातभर अंतरावर सूत घेऊन धावणारा धोटा इकडून तिकडे गोळीसारखा आपटत होता. माणसाची पापणीही हलत नव्हती.

इतक्यात लोडशेडिंग झालं. माग थांबले. एकदम शांतता पसरली, आणि तो माणूस दचकून उठून बसला.

"अबे बंद कायको किया?" तो ओरडला. "कच्च्या झोपेत उठवला ना!"

शेजारच्या गाळ्यातूनही माणसं डोळे चोळत बाहेर आली. आक्का म्हणाली, हे रोजचंच. लाईट गेली की आख्खी भिवंडी जागी होते.

रामनाथांनी त्या माणसाचं नाव विचारलं. तो सादिक मोमीन, चार पिढ्या भिवंडीतला, याच गाळ्यात माग चालवणारा. रामनाथांनी त्याचे दोन्ही हात हातात धरले. सादिकला वाटलं, कोणीतरी युनियनवाला असावा.

पुढच्या आठवड्यात सादिकला संस्थेत आणलं. नियमानुसार अंगावरचं लोखंड काढायला सांगितलं. त्याने धागा कापायची कातर, पाना आणि कमरेच्या करगोट्यातली किल्ली काढून ठेवली. कानात घालायला बोळे दिले, ते त्याने नंतर कामाला येतील म्हणून खिशात टाकले. नळीत शिरण्याआधी त्याने एकच शंका विचारली.

"साहेब, हे किती लूमचं आहे?"

"अं... आवाजाच्या हिशेबाने दहाबारा असेल."

"बस?" सादिक म्हणाला आणि आडवा झाला. यंत्राने हाक मारायला सुरुवात केली, तोवर त्याला झोप लागली होती.

पडद्यावर रेघ रेघ करत चित्र उतरू लागलं. रामनाथ उभे होते ते खुर्चीवर बसले. त्यांनी पुस्तकांत पाहिलेला, व्याख्यानांत शपथेवर सांगितलेला, स्वतः कधीच न पाहिलेला मेंदू समोर येत होता: घडीवर घडी, आणि प्रत्येक घडीत पापुद्र्यावर पापुद्रा, चुण्या घातलेल्या मलमलीसारखा. त्यांना रडू आलं. तंत्रज्ञाने सौजन्याने वातानुकूलन यंत्राकडे पाहिलं. संचालक आले, त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हा कोणाचा?"

"भिवंडीच्या एका मागवाल्याचा."

"किती स्वस्थ आहे," संचालक म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा मत्सर होता.

निबंध प्रसिद्ध झाला आणि उल्लेखांचा पूर आला. जगभरच्या प्रयोगशाळांत दांडगे चुंबक होते आणि हलणारी माणसं होती. पत्रं येऊ लागली: सादिकला कोणतं औषध दिलं? डोकं कशाने बांधलं? रामनाथांनी प्रामाणिकपणे कळवलं, काही नाही, तो भिवंडीचा आहे. 'भिवंडी पद्धत' असा शब्द रूढ झाला. एका शीत देशातल्या प्रयोगशाळेने स्वयंसेवकांना महिनाभर मागाच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकवली. त्यांतले दोघे नोकरी सोडून डोंगरात राहायला गेले, त्यामुळे खऱ्या भिवंडीकरांची मागणी आणखी वाढली. रामनाथांना कॅन्टीन समितीतून सन्मानाने मुक्त करण्यात आलं (चहाचा दर्जा तसाच राहिला).

शहरावरही प्रभाव पडला. धामणकर नाक्याजवळ 'निश्चलता क्लासेस' निघाले. शेजारच्या गावांतून बनावट झोपणारे येऊ लागले. नळीत घातल्यावर ते जागे आढळत. मुली पाहायला जाताना 'मुलगा एम.आर.आय. पास आहे' असं सांगायची रीत पडली. मानकोलीला ज्यांच्या जमिनी गोदामांखाली गेल्या होत्या त्यांनी स्वतःच्या मेंदूचे फोटो काढून दिवाणखान्यात कुलदैवताशेजारी लावले. काळूराम भोईरच्या नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'आई एकविरेचा आशीर्वाद' होताच, त्याखाली 'गाव कोन, मेंदू नॉर्मल' असं आलं. सादिकचं म्हणाल तर त्याला जाण्यायेण्याचं भाडं, एक केळं आणि दोन तासांची झोप मिळे. तो खूश होता.

मग परदेशातल्या एका मोठ्या परिषदेने ठरवलं, की वजनाला जसा आदर्श किलो असतो तसा मेंदूंनाही एक आदर्श मेंदू हवा, ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहता येतील. इतकं स्वच्छ चित्र दुसरं कोणाचंच नव्हतं. एकमताने सादिकचा मेंदू प्रमाण मानण्यात आला. यापुढे जो त्याच्याशी जुळेल तो सर्वसामान्य, जो जुळणार नाही तो विकृतीच्या दिशेने झुकलेला. सर्वांत आधी संचालकांनी स्वतःचा मेंदू ताडून घेतला. तो 'अकारण सावध' निघाला. निकाल गोपनीय ठेवण्यात आला.

या सगळ्या धामधुमीत सादिकचा मेंदू नीट पाहायचं एकाच माणसाच्या डोक्यात आलं. तोही उशिराच.

एका दुपारी रामनाथ जुनी चित्रं काढून बसले होते. मेंदूच्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला, ऐकण्याचा एक भाग असतो. नळीत आवाज सुरू झाला की तो उजळतो. लडकू तऱ्यांचा उजळला होता, राजभाषा अधिकाऱ्यांचा उजळला होता. पुसट चित्रांतसुद्धा तेवढी रोषणाई कळत होती. सादिकच्या मेंदूत जिथे दिवाळी असायला हवी तिथे लोडशेडिंग होतं. रामनाथांनी चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. चित्रात दोष नव्हता. चित्र आजवरच्या कोणत्याही चित्राहून स्वच्छ होतं, आणि म्हणूनच त्यातला अंधार इतका स्पष्ट दिसत होता. हा माणूस शांत नव्हता. बहिरा झाला होता. माग थांबले की तो जागा होई, तो शांततेने नव्हे. अंगाखालची जमीन थरथरायची थांबे म्हणून.

रामनाथ तसेच उठून भिवंडीला गेले. गाळा चालू होता.

"सादिक, तुला ऐकू येत नाही!"

"काय?"

"ऐकू येत नाही तुला!"

"हां, इथे नाही येणार. बाहेर चला."

बाहेर येऊन रामनाथांनी साध्या आवाजात तेच सांगितलं. सादिक त्यांच्या ओठांकडे बघत होता. तो असा नेहमीच बघे. रामनाथांना वाटे, आदराने बघतो.

"ते होय?" सादिक म्हणाला. "ते सगळ्यांनाच असतं साहेब. आमचे माग दुरुस्त करतो त्या जॉबरला बघा, त्याच्या पाठीमागे ट्रक हॉर्न मारतो तरी हा बाजूला होत नाही. अब्बांना पण होतं. नॉर्मल आहे ते."

तेवढ्यात आक्का दारात आली. "काय झाला?" तिने विचारलं. रामनाथ म्हणाले, "आक्का, हे लोक बहिरे झालेत." आक्काने मान डोलावली. "हां, हां. जेवलास काय?"

रामनाथांना तो जुना फोन आठवला. चुंबक बंद होण्याची बातमी तिने बरी मानली नव्हती. तिला ती पोचलीच नव्हती. किती वर्षं आपण फोनवर मनातलं बोलत आलो आणि तिकडे ती भावाचा आवाज आहे एवढ्यावर अंदाजाने हो म्हणत आली. त्यांनी ओट्यावर बसून मुकाट्याने भाकरी आणि सुकटीचं कालवण खाल्लं.

सोमवारी त्यांनी संचालकांना कळवलं, की प्रमाण मेंदू आजारी आहे, प्रमाण मागे घ्यावं, आणि सादिकच्या कानांवर संस्थेच्या खर्चाने उपचार करावेत. समितीने या प्रस्तावावर सखोल विचार करून पुढीलप्रमाणे निर्णय दिला. प्रमाण मेंदू सदोष असू शकत नाही, कारण दोष ठरवायचा तो त्याच्याशीच ताडून. श्रवणयंत्रात धातू असल्याने ते चुंबकाच्या खोलीत नेता येणार नाही, सबब ते संस्थेच्या कार्यकक्षेबाहेर आहे. आणि सदर इसमाची श्रवणशक्ती सुधारल्यास जगभरातल्या सर्वसामान्य व्यक्ती एका रात्रीत विकृत ठरतील, हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने इष्ट नाही.

(निर्णयात कुठेही तर्कदोष नाही. खुशाल तपासून पाहावं.)

रामनाथांनी मग दुरुस्तीपत्र प्रसिद्ध केलं. मूळ निबंधाचा उल्लेख दर आठवड्याला कुठे ना कुठे होत होता. दुरुस्तीचा वर्षभरात एकदा झाला. ब्राझीलच्या पशुवैद्याने केला, आणि या वेळी चुकून नाही. त्याने वेगळं पत्र लिहून कळवलं, की त्याच्याकडे कत्तलखान्याशेजारच्या गायीही अशाच निवांत असतात.

शेवटी रामनाथ स्वतः सादिकला घेऊन कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे गेले. श्रवणयंत्र लावून सादिक घरी आला तेव्हा त्याची बायको सालेहा नेहमीसारखं म्हणाली, "चाय रखी है!"

सादिक दोन पावलं मागे सरकला. "ओरडतेस कशाला?"

सालेहाच्या हातातली बशी तशीच राहिली. मग ती पदराने तोंड झाकून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "वीस साल झाले," ती म्हणाली, पहिल्यांदाच हळू आवाजात. "सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे, मी तुम्हाला चहा कधी देते."

आक्काने मात्र यंत्र लावायला साफ नकार दिला. "आता या वयात मना काय ऐकाचाय?" ती म्हणाली. "सगला ठाव हाय." तेव्हा रामनाथांनी फोन करायचं सोडलं आणि दर रविवारी समोर बसून बोलायला सुरुवात केली.

याच सुमारास शहराने रामनाथांचा नागरी सत्कार योजला. मानकोली ते कोन रस्त्यावर फ्लेक्स लागले: 'कोनचे सुपुत्र, चुंबकरत्न'. त्यांवर रामनाथांचा फोटो कोपऱ्यात, आणि शुभेच्छुकांचे मधे. सभागृहात दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे कर्णे, दारात जनरेटर, आणि खुर्च्यांवर मागवाले, मालक, गोदामवाले, त्यांच्या बायका, सगळी भिवंडी. पहिल्या रांगेत सादिक होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

रामनाथांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. भाषण त्यांनी पाठ केलं होतं. ते म्हणाले, "मित्रहो, माझ्या हातून एक खोटं जगभर गेलं आहे. तुम्ही शांत आहात असं मी जगाला सांगितलं. तुम्ही शांत नाही. तुम्हाला बहिरं करण्यात आलं आहे. तुमच्या बापांना केलं, तुमच्या मुलांना होतंय. मागावर काम करताना कान झाकता येतात, गाळ्याला भिंती घालता येतात, हे कोणी केलं नाही, कारण तुम्ही तक्रार केली नाहीत. आणि तुम्ही तक्रार केली नाहीत याचं मी चित्र काढलं, आणि त्या चित्राला जग आदर्श म्हणतंय. मला हा सत्कार नको."

पण 'मित्रहो'बरोबरच कर्ण्यांनी एक लांबलचक शीळ घातली आणि बाहेर जनरेटरने सूर धरला. लोकांनी चुंबकरत्नांचे ओठ हलताना पाहिले, डोळ्यांत पाणी पाहिलं, हात जोडलेले पाहिले. भाषण अतिशय हृदयस्पर्शी होतं, यावर सर्वांचं एकमत झालं. टाळ्या थांबेनात. काळूराम भोईरने शिट्टी वाजवली. आमदारकीला इच्छुक असलेल्या एका गृहस्थांनी रामनाथांना मिठी मारली आणि कानात म्हणाले, "वाह! असंच समाजाचं नाव काढा."

सभागृह रिकामं झाल्यावर सादिक मंचामागे आला.

"साहेब, भाषण मी ऐकलं."

"आणखी कोणी ऐकलं?"

"बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या."

दोघं नारळ मधे ठेवून पायरीवर बसले. सादिक यंत्राशी चाळा करत होता. "मग आता मी नॉर्मल राहिलो नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही राहिलास."

सादिकने नारळ बाजूला सरकवला. "झोप गेली साहेब. रात्री पंखा वाजतो, कुत्रं भुंकतं, कोणाचं पोर खोकतं. यंत्र काढून ठेवलं तरी वाटतं, वाजत असेल, आपल्याला कळत नाही." मग म्हणाला, "पण काढून ठेवावंसं वाटत नाही."

पुढच्या वेळी संस्थेत त्याने श्रवणयंत्र काढून ठेवलं, नळीत शिरला आणि पहिल्या ठोक्यालाच मान उचलून बाहेर पाहिलं. पुन्हा झोपवलं, पुन्हा पाहिलं. चित्र पुसट आलं. समितीने सादिक मोमीन यांना कायमचं अपात्र ठरवलं. त्यांचा मेंदू मात्र पात्र राहिला. तो जुन्या चित्राच्या रूपाने उपलब्ध असल्याने इसमाची आवश्यकता उरली नव्हती. सादिकने आपल्या गाळ्यात मालकाशी भांडून दोन मागांखाली रबराचे पट्टे घालून घेतले. मालकाने त्याला डोक्यावर परिणाम झालेला म्हटलं, आणि सर्व उपलब्ध मानकांनुसार ते बरोबर होतं.

रामनाथांना प्रभाव मूल्यमापन समितीचं अध्यक्षपद देऊ केलं गेलं. त्यांनी ते नाकारलं. चुंबक अजून चालू आहे. आठवडाभर ते त्याच्याबरोबर असतात आणि रविवारी आक्काच्या ओट्यावर बसून येईल त्याचे कान तपासतात. या कामाचा कुठेही उल्लेख होत नसल्याने त्याचा प्रभाव शून्य धरण्यात आला आहे.

आता राहिला वाचकांचा प्रश्न. तुमचाही मेंदू आज ना उद्या कुठल्यातरी नळीत ताडून पाहिला जाईल, आणि अहवालावर 'सर्वसामान्य' असा शिक्का बसला तर तुम्ही घरी पेढे न्याल. मात्र खास तपासणीची गरज आहेच असं नाही. ही गोष्ट वाचताना बाहेर काही ना काही नक्कीच वाजत होतं, कोणी ना कोणी ओरडत होतं. तुम्ही मान वर केली नाहीत. प्राथमिक निवड तिथेच झाली आहे. संस्थेला स्वयंसेवक हवेच आहेत. काही करायचं नसतं, नुसतं पडून राहायचं असतं. आणि तुमचा आजवरचा अनुभव पाहता, ते तुम्हाला सहज जमेल असं समितीचं मत आहे.